गोडवा कोणत्या देशाचा? सॅकरिनच्या खरेदीमागचा इतिहास

१/ निमोणे हे शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या खोऱ्यातले गाव. न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात. या पट्ट्यात गोडवा म्हणजे ऊस. तरीही इथल्या घरांत रोज सकाळी टूथपेस्टमधून जो गोडवा तोंडात जातो, तो बहुधा कोणत्याही शेतात उगवलेला नसतो.

२/ तो असतो सॅकरिनचा. १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत, कॉन्स्टँटिन फालबर्ग यांना हा पदार्थ गवसला. साखरेहून तो सुमारे ३०० ते ४०० पट गोड. साखर दातांवरील जिवाणूंचे खाद्य ठरते, सॅकरिन ठरत नाही. म्हणून टूथपेस्टला तेच सोयीचे.

३/ ते देशी घ्यावे की परदेशी, हा प्रश्न शतकाहून जुना. १९०१ मध्ये सेंट लुईस येथे स्थापन झालेल्या मॉन्सँटो कंपनीचे पहिले उत्पादन सॅकरिन. तेव्हा बाजारावर जर्मनांची पकड होती. नवा प्रतिस्पर्धी बुडावा म्हणून त्यांनी भाव पाडले. कोका-कोलासारख्या मोठ्या ग्राहकाच्या आधारावर मॉन्सँटो तगली.

४/ भारताने हाच पेच साखरेत अनुभवला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जावाची पांढरी, स्वस्त साखर इथल्या बाजारात भरली होती. १९३२ च्या संरक्षण कायद्याने आयातीवर जबर जकात बसली आणि काही वर्षांतच देशातील कारखाने सुमारे ३० वरून १३० च्या पुढे गेले. माळीनगर आणि वालचंदनगर ही त्याच काळाची अपत्ये.

५/ सॅकरिनचा देशी अध्याय महाराष्ट्रातही लिहिला गेला. १९६८ मध्ये जेट केमिकल्स ही कंपनी स्थापन झाली. आज ती ब्लू जेट हेल्थकेअर या नावाने ओळखली जाते. शहाड, अंबरनाथ आणि महाड येथे तिचे कारखाने आहेत. समोर स्पर्धक आहे तो चीन.

६/ खरेदीदार निवड कशी करतो? केवळ भावपत्रकातील आकड्यावर नव्हे. आयात मालाच्या किमतीत जहाजभाडे, विमा, सीमाशुल्क आणि बंदरावरील खर्च मिळवावा लागतो. माल समुद्रात असताना भांडवल अडकते, रुपया घसरला तर हिशेब बदलतो. देशी माल थोडा महाग असला, तरी तो लहान खेपांत आणि लवकर मिळतो.

७/ दुसरी कसोटी शुद्धतेची. टोल्युइनपासून सॅकरिन करण्याच्या जुन्या पद्धतीत एक सल्फोनामाइड अशुद्धी मागे राहू शकते. १९७७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनंतर कॅनडाने खाद्यपदार्थांत सॅकरिनला बंदी केली, तेव्हा या अशुद्धीवरही संशय होता. म्हणून मोठा ग्राहक पुरवठादाराचा कारखाना तपासतो, चाचणीच्या खेपा घेतो. एकदा पसंत पडलेला पुरवठादार तो सहसा बदलत नाही.

८/ तिसरी कसोटी सरकारची. चीनमधील उत्पादकांना तिथले शासन अनुदान देते, असे चौकशीत आढळल्यावर भारताने २०१९ मध्ये चिनी सॅकरिनवर २० टक्के अनुदानविरोधी शुल्क लावले. खरेदीदाराच्या वहीतील बेरीज एका अधिसूचनेने बदलली.

९/ पण सर्वांची नाही. निर्यातीचा माल बनवणाऱ्याला ॲडव्हान्स लायसन्सखाली कच्चा माल शुल्काविना आणता येतो. त्यामुळे एकाच कारखान्यात परदेशी ग्राहकाच्या मालासाठी चिनी आणि देशी ग्राहकाच्या मालासाठी भारतीय सॅकरिन, अशी विभागणी हिशेबात बसू शकते.

१०/ संरक्षणाची किंमत कोणीतरी मोजतोच. १९३२ नंतर ती साखर खाणाऱ्याने मोजली. मात्र त्या भिंतीआड उद्योग उभा राहिला, पुढे १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि ती वाट न्हावऱ्यापर्यंत पोहोचली. देशी उत्पादक शिल्लक राहिला तरच खरेदीदाराला निवड उरते. तो बंद पडला, की भाव ठरवतो तो विकणारा.