मोहनबागानची ढाल : इ. स. १९११ च्या विजयाचीं स्मृतिसाधनें

शनिवार, ता. २९ जुलै १९११ (शके १८३३, श्रावण शुद्ध पक्ष) या दिवशीं सायंकाळीं कलकत्त्याच्या मैदानावर मोहनबागान या बंगाली क्रीडामंडळानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाचा फुटबॉलच्या खेळांत २ विरुद्ध १ अशा गोलांनीं पराभव केला, व इंडियन फुटबॉल असोसिएशनची ढाल, जिला लोक नुसतें ‘शील्ड’ म्हणतात, ती जिंकली. ही स्पर्धा १८९३ मध्यें सुरू झाली. तेव्हांपासून त्या दिवसापर्यंत कोणत्याहि हिंदी संघाच्या हातीं ती ढाल लागलेली नव्हती. इतकी हकीकत निर्विवाद आहे. परंतु या घटनेभोंवतीं मंडळाच्या अभिमानी मंडळींनीं गेलीं शंभरावर वर्षें जें आठवणींचें दाट जाळें विणलें, त्यांतील धागा कोणता व गांठ कोणती, हें पाहण्याचा यत्न कोणी केल्यास तो इतिहाससंशोधकांच्या कक्षेबाहेरचा ठरूं नये.

ज्या कसोटीनें आपण पानिपताच्या बखरी पारखतों तीच कसोटी येथें लावावी लागते. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना त्याच्या प्रस्तावनेंत बखरींतील चुकांची झडती घेतली आणि समकालीन पत्राचें मोल बखरीहून अधिक कां, हें दाखविलें. बखर खोटीच असते असें नव्हे. ती मागाहून लिहिली जाते, आणि लिहिणाऱ्यास शेवट ठाऊक असतो. मोहनबागानच्या विजयाच्या आठवणी याच जातीच्या आहेत. फरक एवढाच कीं, हा खेळ प्रत्यक्ष पाहणारीं माणसें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि हयात होतीं; तरीहि त्यांच्या सांगण्याची पद्धतशीर नोंद जितकी व्हावयास हवी होती तितकी झाली नाहीं. आतां त्यांपैकीं कोणीहि उरलेलें नाहीं. मागें राहिलीं आहेत तीं वर्तमानपत्रें, कांहीं छायाचित्रें, आणि घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी.

प्रथम समकालीन साधनांवरून सिद्ध होणारा भाग देतों. मोहनबागान मंडळाची स्थापना उत्तर कलकत्त्यांत १५ ऑगस्ट १८८९ रोजीं झाली. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसु. (या तारखेचा पुढील १५ ऑगस्टशीं योग जुळवून अभिमानी लोक मोठे आनंदित होतात. तारखा जुळणें हा योगायोग होय, प्रमाण नव्हे.) १९०६ पासून लागोपाठ तीन वर्षें या मंडळानें ट्रेड्स कप जिंकला, आणि १९०९ मध्यें शील्डच्या स्पर्धेंत पाऊल टाकलें. १९११ च्या स्पर्धेंत त्यानें सेंट झेवियर्सचा ३-० व रेंजर्सचा २-१ असा पराभव केला. नंतर रायफल ब्रिगेड या पलटणीस १-० नें हरविलें. उपांत्य फेरींत मिडलसेक्स रेजिमेंटशीं पहिला सामना १-१ असा बरोबरींत सुटला, तो पुन्हां खेळविला गेला तेव्हां ३-० असा विजय मिळाला. अंतिम सामन्यांत प्रथम गोल झाला तो मोहनबागानवर. तो जॅक्सन याचा. त्याची फेड संघनायक शिवदास भादुडी यांनीं केली, आणि खेळ संपण्यास थोडा अवकाश उरला असतां अभिलाष घोष यांनीं दुसरा गोल करून निकाल लाविला.

अकरा खेळाडूंचीं नांवें येथें नोंदवून ठेवणें इष्ट आहे, कारण स्मरणिकांतून त्यांचे उच्चार व क्रम सारखे बदलत असतात : हिरालाल मुखर्जी (गोलरक्षक), भूति सुकुल, सुधीर चटर्जी, मनमोहन मुखर्जी, राजेंद्रनाथ सेनगुप्त, नीलमाधव भट्टाचार्य, कानू राय, हाबूल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुडी व शिवदास भादुडी. शेवटचे दोघे सख्खे भाऊ.

आतां आठवणींकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, पाहणाऱ्यांनीं पाहिलें किती? प्रेक्षकांचा आंकडा कोणी साठ हजार, कोणी ऐंशी हजार, कोणी एक लक्ष देतो. रॉयटरच्या तारेंत ऐंशी हजार आहे. ईस्ट इंडियन रेल्वेनें खास गाडी सोडली होती, हुगळीवरून जादा आगबोटी चालल्या, आणि लांबलांबून लोक आले होते. परंतु तें मैदान म्हणजे आजचें पायऱ्यापायऱ्यांचें क्रीडागार नव्हे. कलकत्ता फुटबॉल क्लबाच्या त्या जागेंत बैठका थोड्या, आणि त्यांवर युरोपियनांचा व क्लबाच्या सभासदांचा हक्क. बाकीची गर्दी सपाट जमिनीवर, एकाच्या पाठीमागें एक. कोणी पेट्यांवर उभे, कोणी झाडांवर चढलेले. मागच्या रांगांतील माणसास चेंडू दिसणें शक्यच नव्हतें. म्हणून त्या दिवशीं पतंग उडविले गेले, त्यांवर गोलांचा आंकडा लिहिलेला असे, आणि दूरच्या लोकांस निकाल कळे तो आकाशांतून.

हा पतंगाचा तपशील आमच्या मतें सर्व आठवणींत अधिक मोलाचा आहे. हजारों लोकांनीं खेळ पाहिलाच नाहीं; त्यांनीं पतंग पाहिला आणि समोरच्यांचा आरडाओरडा ऐकला. तरीहि त्यांतील प्रत्येकानें पुढें आपल्या मुलानातवंडांस अभिलाष घोष यांचा गोल आपण कसा पाहिला तें सांगितलें असल्यास त्यांत लबाडी शोधण्याचें कारण नाहीं. पानिपतावरून परतलेल्या शिपायानें भाऊसाहेब कोठें पडले हें सांगावें, तसेंच हें. ज्यानें ऐकलें तो कालांतरानें पाहिल्यासारखें सांगूं लागतो, आणि तेंहि प्रामाणिकपणें. कलकत्त्यांतील जुन्या मोहनबागानी कुटुंबांतून आजोबा किंवा पणजोबा त्या दिवशीं मैदानावर होते हें अभिमानानें सांगण्याची परिपाठी आहे. त्या सर्वांची बेरीज केली तर लक्षाचा आंकडाहि अपुरा पडेल.

दुसरी आठवण पायांची. ‘अकरा अनवाणी बंगाली विरुद्ध अकरा बूटवाले गोरे’ असें चित्र सर्वत्र रंगविलें जातें. वस्तुतः अनवाणी खेळले ते दहा. सुधीर चटर्जी यांच्या पायांत बूट होते. हे गृहस्थ ख्रिस्ती, शिक्षक, पुढें रेव्हरंड झालेले. एका माणसाचे बूट लोकस्मृतीनें काढून घेतले, कारण त्यांच्यामुळें चित्राची रेषा मोडत होती. आम्हांस मात्र ते बूट हवे आहेत. हिंदु भद्रलोकांचा विजय म्हणून जी गोष्ट सांगितली जाते तिच्या ऐन बचावफळींत एक ख्रिस्ती धर्मोपदेशक उभा होता, ही गोष्ट त्या बुटांनींच लक्षांत राहते. महंमद अली यांचें ‘कॉम्रेड’ हें पत्र त्या वेळीं कलकत्त्याहूनच निघे. त्यानेंहि या विजयाचें कौतुक केलें होतें, हेंहि याच संदर्भांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरी आणि सर्वांत प्रसिद्ध आठवण निशाणाची. सामना संपल्यावर गर्दींतून एक वृद्ध ब्राह्मण पुढें आला, त्यानें फोर्ट विल्यमवर फडकणाऱ्या युनियन जॅककडे बोट दाखविलें, आणि ‘हें तर झालें, आतां तें केव्हां उतरणार?’ अशा अर्थाचा प्रश्न केला, अशी ही कथा आहे. कोणी म्हणतात प्रश्न सुधीर चटर्जींस केला. कोणी म्हणतात शिवदास भादुडींस. कांहीं सांगतात कीं उत्तर मिळालें नाहीं. कांहींच्या मतें गर्दींतून उत्तर आलें कीं, मोहनबागान पुन्हां शील्ड जिंकील तेव्हां. आणि मोहनबागाननें दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती १९४७ सालीं.

बखरींचा परिचय असलेल्या वाचकास येथें थबकावेंसें वाटेल. शेवट ठाऊक असणाऱ्यानें आरंभीं घातलेलें भाकीत आपण शेंकडों ठिकाणीं पाहिलें आहे; भवानीचे दृष्टांत व साधूंचे शकुन याच रीतीनें बखरींत शिरले. शिवाय हेंहि पाहावें कीं, मोहनबागान मध्यंतरीं शील्डच्या अंतिम सामन्यापर्यंत पुन्हां पोंचला होता : १९२३ मध्यें कलकत्ता फुटबॉल क्लबाकडून, आणि १९४० मध्यें आर्यन्सकडून तो हरला. तो १९४० मध्यें जिंकला असता तर हें उत्तर कोणी लक्षांत ठेवलें असतें काय? आमचा अभिप्राय असा कीं, कथेचे दोन भाग वेगळे करावे. प्रश्नाचा भाग त्या दिवसाच्या वातावरणाशीं विसंगत नाहीं. किल्ला मैदानाला लागूनच आहे, निशाण सर्वांस दिसत होतें, आणि फाळणीच्या चळवळीचीं वर्षें तीं. असा प्रश्न एका वृद्धानें नव्हे तर दहांनीं केला असणें शक्य आहे, आणि मग तो कोणास केला याविषयीं सांगणाऱ्यांत मतभेद पडणेंहि स्वाभाविकच. उत्तराचा भाग मात्र समकालीन लेखी पुरावा पुढें येईपर्यंत १९४७ नंतरचा समजावा.

याहून मोठा दावा राजधानीविषयींचा आहे. २९ जुलैला गोरी पलटण हरली, १२ डिसेंबरला दिल्ली दरबारांत बंगालची फाळणी रद्द झाली व राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. अर्थात् एका फुटबॉलनें राजधानी हलविली, असें अभिमानी मंडळी उत्साहानें सांगतात. येथें कालानुक्रमच साक्षीस उभा राहतो. राजधानी हलवावी व फाळणीचा प्रश्न नव्यानें सोडवावा अशी सूचना करणारें गृहखात्याचे सभासद सर जॉन जेन्किन्स यांचें टिपण १७ जून १९११ चें आहे, म्हणजे सामन्याच्या सहा आठवडे आधींचें. हिंदुस्थान सरकारचा अधिकृत खलिता २५ ऑगस्टचा; तो सामन्यानंतर गेला खरा, परंतु त्यांत बंगाली असंतोष, मुसलमानांचें हित व दिल्लीचें स्थानमाहात्म्य यांचा विचार आहे, मैदानाचा नाहीं. यावरून विजयाचें महत्त्व कमी होत नाहीं. उलट ज्या जनतेस सरकारच्या मनांत काय चाललें आहे याचा पत्ता नव्हता, तिला डिसेंबरांतील घोषणा जुलैच्या विजयाचें फळ वाटावी इतकी त्या विजयाची छाप होती. लोकांनीं कार्यकारणभाव चुकीचा लाविला. पण तो तसा कां लाविला, हाच इतिहासाचा विषय.

या आठवणींच्या मालकीविषयींहि एक जुना वाद आहे. अकरांपैकीं बरेच जण मूळचे पूर्व बंगालचे. पुढें १९२० मध्यें ईस्ट बेंगॉल क्लब निघाला आणि कलकत्त्यांत ‘घोटी’ व ‘बांगाल’ अशी फुटबॉलची दुफळी माजली; तेव्हां प्रतिपक्षाचे लोक म्हणूं लागले कीं, तुमचा सर्वांत मोठा विजय आमच्याच माणसांनीं मिळवून दिला! हा वाद अद्यापहि चवीनें चालतो. मोहनबागानपक्ष मात्र २९ जुलै हा ‘मोहनबागान दिन’ म्हणून पाळतो. मंडळाच्या शताब्दीनिमित्त १९८९ मध्यें टपालखात्यानें तिकीट काढलें, आणि २०११ मध्यें ‘एगारो’ हा बंगाली बोलपट निघाला. बोलपट पाहून ज्यांच्या मनांत त्या सामन्याचें दृश्य ठसलें ती पिढी यापुढें तेंच दृश्य आजोबांच्या तोंडचें म्हणून सांगेल, ही भीति आम्हांस वाटते. दस्तऐवज आजच गोळा करावे असें म्हणण्याचें हें एक कारण.

महाराष्ट्राशीं या प्रकरणाचा संबंध थोडका आहे, पण खरा आहे. मुंबईस १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु जिमखान्यानें युरोपियनांस क्रिकेटमध्यें १०९ धांवांनीं हरविलें होतें. १९११ च्याच उन्हाळ्यांत, म्हणजे कलकत्त्यास ही ढाल लढली जात असतां, पुण्याच्या मैदानावरील नोकरींतून वर आलेले पालवणकर बाळू हे हिंदी संघाबरोबर विलायतेंत होते, व त्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. लोकमान्य टिळक तेव्हां मंडालेच्या तुरुंगांत होते. कलकत्त्याच्या विजयास दरवर्षीं दिवा लावणारें एक मंडळ व त्याचे लक्षावधि अनुयायी मिळाले. बाळूंच्या पराक्रमास असें कोणी वाली नव्हतें. त्यामुळें त्यांची आठवण अर्धें शतकाहून अधिक काळ वृत्तपत्रांच्या फायलींत निजून राहिली, व ती उजेडांत आणण्यास २००२ मध्यें रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथाची वाट पाहावी लागली. आठवणी टिकतात त्या पराक्रमाच्या मानानें नव्हे, तर त्या सांगणारांच्या संघटनेच्या मानानें; यापरता स्पष्ट दाखला आम्हांस माहीत नाहीं.

मोहनबागान संघ १९२३ सालीं रोव्हर्स चषकासाठीं मुंबईस आला व अंतिम सामन्यापर्यंत पोंचला होता. त्या वेळीं मुंबईच्या बंगाली वस्तींत, किंवा सामना पाहावयास गेलेल्या मराठी कुटुंबांतून, १९११ च्या विजयाचीं बोलणीं झालीं असणें साहजिक आहे. शिवाय १९११ मध्यें कलकत्त्यास शिक्षणासाठीं वा नोकरीनिमित्त राहणारे मराठी गृहस्थ होतेच, आणि ते घरीं पत्रें लिहीत. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ त्या वेळीं अवघें एक वर्षाचें होतें. अशीं पत्रें जमवावीं हें तेव्हां कोणाच्या मनांत येणें शक्य नव्हतें. तरी ज्या वाचकांच्या संग्रहीं जुलै-ऑगस्ट १९११ मधील कलकत्त्याचीं खासगी पत्रें, रोजनिशा, सामन्याचीं तिकिटें किंवा संघाचीं छापील छायाचित्रें असतील त्यांनीं तीं नीट पाहावीं. पोस्टाचा शिक्का २९ जुलै ते ५ ऑगस्ट या आठवड्यांतील असल्यास मजकूर कितीहि क्षुल्लक वाटला तरी त्याची नक्कल करून ठेवावी. आणि त्यांत किल्ल्यावरील निशाणाचा एक शब्द जरी सांपडला, तरी तो मूळ शुद्धलेखनासह जसाच्या तसा या त्रैमासिकाकडे पाठवावा.