गंजिफाचं गोल पान

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पानांच्या खेळातली चित्रं सगळे वाखाणतात. मला मात्र पानांचा गोल आकार महत्त्वाचा वाटतो. कापडाला चिंचोक्याची खळ, वर लाखेचं रोगण. असं जाड, कडक पान पत्त्यांसारखं पिसता येत नाही. म्हणून चादरीवर सगळी पानं पालथी पसरायची आणि दोन्ही हातांनी कालवायची. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०; तिघांत ४०-४०. एवढी पानं मुठीत धरायची म्हणजे पान लहानच हवं. त्याला कोपरा नाही, कोपऱ्यात आकडा नाही. मत्स्याच्या पानावर आठ मासे की नऊ, हे मोजूनच कळतं. रंगाची जमीन तेवढी झटकन ओळखू येते. त्यातून निम्म्या अवतारांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का. हुकूम नाहीच, कुठली पानं पडून गेली हे ध्यानात ठेवणाराच जिंकतो. माझ्या मते खरा खेळ इथेच आहे.

छापील पत्ते स्वस्त झाले नि हा खेळ मागे पडला. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चित्रकारांना बसवून ही कला जगवली. आज हे संच भेट म्हणून घेतले जातात. माझा आग्रह एवढाच, की संचासोबत नियमही द्या.