सा. न. वि. वि.

आमच्या बँकेत अभियाने साथ यावी तशी येतात आणि पहिला रोगी मीच असतो; कारण मी ‘लिहितो’ अशी साहेबांची समजूत आहे. २०२२ च्या पावसाळ्यात ग्राहक संपर्क अभियान आले. पत्राचा मसुदा वरूनच तयार आला होता, नावाची जागा तेवढी मोकळी. संगणकाने तीत ३४० नावे बसवली आणि मी एका दुपारात ३४० माणसांना कळवून टाकले, की ‘आपल्या भेटीची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.’

वाचकहो, यात नवे काही नाही. १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे हेमाडपंत होता. देवळे आणि मोडी त्याच्या नावावर सांगतातच, पण आम्हा कारकुनांना त्याचे खरे देणे म्हणजे त्याच्याच नावाने चालत आलेले ‘मेस्तक’. कोणाला कोणता मायना, हे त्यात पाहावे. वडिलांना तीर्थरूप, वडिलांसारख्या परक्याला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, भटजींना वेदमूर्ती, असे आपले मायने. मग इकडचे कुशल, तिकडचे कुशल आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. मध्ये काहीच लिहिलेले नसले तरी! आमचा चांदा ज्यांच्या राज्यात होता, त्या नागपूरकर भोसल्यांना लिहायचे तर ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब विसरून कसे चालेल?

पुढे कारकुनांचे हात दुखू लागले असावेत. आठ अंगे जमिनीला टेकवायचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेषसकट, ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यात उरकू लागला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी अर्जांनी आम्हाला ‘आपला आज्ञाधारक सेवक’ करून ठेवले. तारखात्याने तर शुभेच्छांना नंबरच दिले. २०१३ च्या जुलैत तारच बंद झाली, नाहीतर मी अजून नंबरावरच भागवले असते.

पण मेस्तकवाल्या कारकुनाला पहिली ओळ लिहिण्याआधी ‘हा आपला कोण?’ हे ठरवावे लागे. मला कोणी विचारलेच नाही.

तिसऱ्या आठवड्यात भामरागडकडचे एक निवृत्त गुरुजी एसटीने अहेरीला आमच्या शाखेत आले. हातात माझे पत्र.

“तुम्ही वाट पाहून राहिले होते ना? पर्लकोटेच्या पुलावरून पाणी होतं, म्हणून आठ दिवस उशीर झाला. काम काय होतं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी संगणकाकडे पाहिले. काम काहीच नव्हते. मी घाईघाईने त्यांचे पासबुक मागून घेतले आणि त्यात तीन नोंदी भरून दिल्या. चहा आला. गुरुजींनी पिशवीतून चारोळीची पुडी काढून टेबलावर ठेवली.

“बोलावलं होतं, मग रिकाम्या हातानं कसं यायचं?”

संध्याकाळी मी हाताने पत्र लिहायला बसलो. ‘तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ हे सगळे एक अक्षर न गाळता लिहिले. सुखरूप पोचलात का, पूल कसा होता, एवढेच विचारले.

उत्तर यायला वीस दिवस लागले. मध्ये पर्लकोटेला पुन्हा पाणी आले होते. आंतर्देशीय पत्रावर सुरुवातीलाच ‘चिरंजीव’ लिहिले होते.