जेवणाच्या नोंदवहीचे कूळ

वजन उतरवायचे ठरले की आज पहिल्यांदा मोबाइलवर एखादे ॲप येते. विठ्ठलवाडीहून मुंबईची गाडी पकडणारा नोकरदार असो की शेजारच्या उल्हासनगरातला दुकानदार, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या ताकापर्यंत सगळे तो त्यात भरतो. उद्याच्या डब्यात काय न्यायचे, हेही आदल्या रात्री त्या आकड्यांवरून ठरते. ही रीत जिमच्या आणि मोबाइलच्या काळातली वाटते. प्रत्यक्षात तिचे कूळ बरेच जुने आहे, आणि आपल्याकडे तर तिचा जन्म लठ्ठपणाच्या नव्हे, भुकेच्या घरात झाला. हे कूळ नीट पाहिले की या वहीतले काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा उलगडा होतो. माझे म्हणणे असे की नोंद ठेवण्यात खरा गुण आहे. आकड्याच्या अचूकपणावरचा विश्वास मात्र फाजील आहे. आणि आपल्या घरातली वाटी हे या नोंदीचे सगळ्यांत भरवशाचे माप आहे.

वहीचा मूळपुरुष शोधायला इटलीत जावे लागते. पाडुआचा वैद्य सांतोरिओ तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे वजन करी आणि खाल्लेले, प्यायलेले, शरीराने बाहेर टाकलेले असे सगळे तोलून लिहून ठेवी. त्याचा ग्रंथ 1614 मध्ये निघाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली बांधून शरीराची उष्णता मोजली. प्रथिने आणि कर्बोदकांच्या ग्रॅममागे 4 कॅलरी, स्निग्धांच्या ग्रॅममागे 9, हे आज पाकिटांमागे दिसणारे गणित त्यांचेच. मात्र कामगाराला कमी पैशांत पोटभर आणि पुरेसे अन्न कसे मिळेल, ही त्यांची चिंता होती. हेच गणित उलटे वापरून कमी कसे खावे, हे सामान्य वाचकाला शिकवले ते लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांच्या 1918 मधल्या पुस्तकाने. आजचे ॲप त्याच पुस्तकाचे वंशज आहे.

आपल्याकडे मात्र ताटाचा हिशेब जेवणाऱ्याने मांडला नाही, तो वरून आला. 1876 ते 78 च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम; आजच्या कोष्टकांनुसार त्यातून जेमतेम 1,600 कॅलरी मिळतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. आज खुर्चीत बसून काम करणारे अनेक जण वजन उतरवताना स्वखुशीने या 1,600 च्याच आसपासचा आकडा धरतात. दिवसभर खडी फोडणाऱ्याला जी उपासमार होती, ती बैठ्या माणसाला आहारयोजना ठरू शकते. आकडा एकच असला तरी अंग वेगळे, काम वेगळे, आणि तो आकडा कोणी ठरवला हेही वेगळे. ही गोष्ट ॲपच्या पडद्यावर दिसत नाही, इतिहासात दिसते.

त्यानंतरचा धागाही टंचाईतूनच जातो. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, मुंबईत रेशनिंग आले आणि माणशी धान्याचे माप कार्डावर चढले.   मग 1971 मध्ये पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज 2,250 कॅलरी मिळतील इतका खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, अशी रेघ ओढली. त्यांच्या हिशेबाने 1960-61 मध्ये ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के आणि शहरांतले सुमारे 50 टक्के लोक या रेघेखाली होते. मराठी वाचकाच्या घरात कॅलरी हा शब्द दारिद्र्याच्या चर्चेतून शिरला, तो असा.

या रेघेवर सर्वांत मूलभूत आक्षेप घेतला तोही मराठी माणसानेच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम करून पुण्याला परतले होते. त्यांचे सांगणे असे की एकाच निरोगी माणसाचे खाणेही रोज सारखे नसते. ते वरखाली होते आणि शरीर त्याला सांभाळून घेते. म्हणून सरासरी गरजेच्या खाली गेलेला प्रत्येक जण उपाशी, असे धरता येत नाही. यावर कडाडून टीका झाली, आणि ती रास्त होती: कायमच्या अर्धपोटी माणसाला ‘शरीराने जुळवून घेतले’ असे म्हणणे धोक्याचे आहे. पण त्यातला पहिला भाग, म्हणजे रोजच्या खाण्यातला चढउतार, वजन उतरवणाऱ्याच्या फार कामाचा आहे. मंगळवारी 300 कॅलरी जास्त झाल्या म्हणून बुधवारी उपाशी राहण्यात अर्थ नाही. नोंद रोजची असावी, निवाडा आठवड्याचा असावा.

आकडा किती अचूक, हा पुढचा प्रश्न. हैदराबादच्या संस्थेने 2017 मध्ये काढलेल्या कोष्टकांत 528 पदार्थ आहेत, पण ते मुख्यतः कच्चे: धान्ये, डाळी, भाज्या, मासे. उल्हासनगरातली दाल पकवान किंवा घरची वांग्याची भाजी किती कॅलरींची, हे ती बनवणाऱ्या हातावर ठरते. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे 15 मिलिलिटरमध्ये, तेलाच्या सुमारे 120 कॅलरी असतात. फोडणीत चमचाभर जास्त पडला की ॲपमधल्या तयार आकड्याला अर्थ उरत नाही. शिवाय लिहिणाऱ्याचा हात आखडतो. आपण कमी खातो तरी वजन हटत नाही, असे सांगणाऱ्यांची 1992 मध्ये अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा ते आपले खाणे सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगत असल्याचे आढळले. लबाडी म्हणून याकडे पाहू नये. उभ्याउभ्या खाल्लेले, चव बघताना गेलेले, मुलांच्या ताटातले संपवलेले कोणालाच जेवण वाटत नाही.

यावर तोडगा आपल्याच सर्वेक्षकांनी काढून ठेवला आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभागाचे लोक घरोघरी जाताना ठराविक मापांच्या वाट्यांचा संच बरोबर नेत. ते घरातल्या बाईला काल काय रांधले ते विचारत. किती कच्ची डाळ, किती तांदूळ, किती तेल घातले ते टिपत. शिजल्यावर एकूण किती वाट्या झाल्या आणि त्यातल्या कोणाच्या पानात किती वाढल्या ते लिहीत. समजा, वाटीभर तुरीच्या डाळीचे शिजून चार वाट्या वरण झाले आणि एकाने एक वाटी घेतले. तर त्याच्या वाट्याला कच्च्या डाळीचा आणि फोडणीच्या तेलाचा चौथा हिस्सा आला. एकत्र शिजणाऱ्या, वाढून घेणाऱ्या घराला हीच पद्धत जुळते. मोजायचे एकदाच, पातेले उतरताना. पुढे प्रत्येकाने आपल्या वाट्या तेवढ्या लिहायच्या.

मग एवढे लिहायचे तरी कशाला, असे विचारता येईल. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, खरी भूक लागल्यावर आणि 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे खावे म्हणतात आणि कॅलरी मोजण्याला विरोध करतात. सल्ले परस्परविरोधी दिसतात, पण दोन्ही पाळायला माणसाला आपण कधी आणि काय खाल्ले हे ठाऊक असावे लागते. दोघेही आकड्याऐवजी घड्याळ वापरतात, तोही नोंदीचाच प्रकार आहे. 2008 च्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे 1,700 जणांपैकी रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. यातला काही भाग लिहिणाऱ्याच्या मुळातल्या शिस्तीचा असेल, हे मान्य. तरी लिहिताना हात क्षणभर थांबतो आणि दुसरी वाटी घ्यायची की नाही हे ठरवायला वेळ मिळतो, एवढे तरी त्यातून पदरात पडते.

आपल्या आया-आज्या काही न लिहिता सडपातळ राहिल्या, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्यांच्या आयुष्यात पाणी शेंदणे, दळणे, चालणे होते, आणि अनेकींच्या वाट्याला शेवटचे, उरलेसुरले अन्न होते; त्या सडपातळपणाचा गौरव करण्यासारखे त्यात काही नाही. एकादशीसारखे नियम होते, पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हणही त्याच घरांत रुजली; साबुदाणा आणि दाण्याचे कूट यांत कॅलरींची वाण नसते. शिवाय सडपातळ दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा देहभार निर्देशांक सारखाच, 22.3 होता, पण चरबी याज्ञिकांत 21.2 टक्के आणि युडकिनांत 9.1 टक्के भरली. म्हणून वहीत काट्यावरच्या आकड्याशेजारी कमरेचा घेरही हवा. गंभीर आक्षेप दुसराच आहे: काहींना ही वही छळते, प्रत्येक घासाला अपराधी वाटू लागते. अशांनी ती बंद करून डॉक्टरांशी बोलावे, हेच बरोबर. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

नोंद ठेवण्याची सवय मराठी घराला परकी नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख अनेक घरांत लिहिली जाते. त्याच चौकोनात दोन वाट्या भात, तीन पोळ्या, बाहेरचे एकदा, एवढे लिहिले तरी आठवड्याचे चित्र दिसते, आणि पुढच्या आठवड्याचा बेत त्यावरून ठरवता येतो. कल्याण-डोंबिवलीच्या आहारतज्ज्ञांनी आणि दवाखान्यांनी छापील कॅलरी तक्त्याऐवजी रुग्णाला एक ठराविक वाटी आणि ती वापरण्याची रीत शिकवावी, असे मला मनापासून वाटते. टेंपल यांच्या काळापासून ताटाचा हिशेब इतरांनी मांडला, आणि बहुतेक वेळा तो कमी देण्यासाठी मांडला. ती वही आता जेवणाऱ्याच्या हाती आली आहे. स्वतःच्या घरच्या मापाने, स्वतःच्या कष्टांचा आणि भुकेचा विचार करून ती भरली, तरच हा बदल खरा ठरेल.