पन्हळीतले सोने आणि पाण्याचा मालक

२४ जानेवारी १८४८ या दिवशी सकाळी जेम्स मार्शल नावाचा सुतार कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे आपल्या चालू कामाची पाहणी करायला निघाला. जॉन सटर या जमीनदाराच्या भागीत तो अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर लाकूड कापायची पाणगिरणी उभारत होता. चाक फिरवून झालेले पाणी नदीत परत सोडणारा चर पुरेसा खोल झाला नव्हता. म्हणून माणसे दिवसा चर खणत आणि रात्री त्यातून पाणी सोडून देत. मोकळी झालेली माती-वाळू पाणी आपसूक वाहून नेई. त्या सकाळी पाणी बंद करून मार्शल चरात उतरला, आणि तळाच्या खडकाशी त्याला पिवळे कण दिसले.

ही हकीकत असंख्य पुस्तकांत आहे आणि बहुतेक ठिकाणी ती योगायोग म्हणून सांगितलेली आहे. मला ती तेवढीच वाटत नाही. चर, उतार, वाहते पाणी आणि तळाशी अडवणारा खडबडीतपणा, या चार गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे जड वस्तू मागे राहते. सोने धुण्याच्या ज्या लांब पेटीला इंग्रजीत ‘स्लूस’ म्हणतात, तिच्यात याहून वेगळे काही नसते. मार्शलने नकळत एक स्लूसच बांधला होता आणि रात्रभर तो चालवला होता.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कोल्हापुरात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे कुठलाही इतिहास वाचताना माझे लक्ष आधी अवजाराकडे जाते. कॅलिफोर्नियाच्या सोन्याविषयी वाचताना एक प्रश्न सारखा अडायचा. १८४८ साली कमरेला चाकू आणि हातात थाळी घेऊन एकटा माणूस नदीवर जात होता. पाच-सहा वर्षांत तोच माणूस दुसऱ्याच्या कामावर रोजंदारीने उभा राहिलेला दिसतो. हे इतक्या लवकर कसे झाले? वरवरचे सोने संपले, हे नेहमीचे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर पेटीच्या लांबीत आणि पाण्याच्या मापात आहे, असे मला वाटते. ते पडताळून पाहण्यासाठी मी एक पेटी बांधली. तिच्याविषयी पुढे सांगतो.

रोळीतला खडा

माझी आई तांदूळ रोळायची. पाण्यात हेलकावा दिला की तांदूळ उचलला जाऊन पुढच्या भांड्यात जाई आणि खडे तळाशी राहत. सोने धुणे म्हणजे हेच, फक्त इथे हवा असतो तो खडा. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड, तर साधी गारेची वाळू २.६५ पट. हवेत तोलले तर सोने त्याच आकाराच्या वाळूकणाच्या सुमारे सातपट भरते. पाण्यात मात्र दोघांचेही वजन आपापल्या आकाराच्या पाण्याइतके घटते. वाळूचे त्यात फार जाते, सोन्याचे थोडे, आणि तफावत अकरा पटींवर पोचते. पाणी वाळू वाहून नेते हे आपल्याला दिसते. त्याआधी ते दोघांमधले अंतर वाढवून ठेवते, हे सहसा ध्यानात येत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. काळ्या समुद्राकाठच्या कोल्किस प्रदेशातले लोक ओढ्यांचे सोने भोके पाडलेल्या द्रोण्यांनी आणि लोकरीच्या कातड्यांनी धरतात, असे स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवले आणि सोनेरी लोकरीच्या दंतकथेचे मूळ यातच असावे असे सुचवले. रोमन प्लिनीने स्पेनमधल्या खाणींचे वर्णन करताना पाटाच्या तळाशी अंथरायच्या एका खरखरीत झुडपाचा उल्लेख केला आहे. ते झुडूप वाळवून जाळायचे आणि राख धुऊन सोने काढायचे. १५५६ साली बाझेल इथे छापल्या गेलेल्या आग्रिकोलाच्या ‘दे रे मेतालिका’ या ग्रंथात तर अशा पन्हळींचे अनेक प्रकार चित्रांसह आहेत: आडव्या पट्ट्यांच्या, कापड अंथरलेल्या, हिरवळीचे थर लावलेल्या. या लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९१२ साली हर्बर्ट आणि लू हेन्री हूवर या दांपत्याने केला. हूवर तेव्हा खाण अभियंता होते, पुढे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

म्हणजे कॅलिफोर्नियात पेटीचा शोध लागला नाही. तिथे घडले ते असे, की दोन हजार वर्षांची उत्क्रांती जवळपास चार वर्षांत पुन्हा एकदा पार पडली.

थाळी, पाळणा, टॉम आणि स्लूस

पहिले अवजार थाळी. मेक्सिकोतून आलेली लाकडी ‘बातेया’ किंवा लोखंडी परात. गार पाण्यात उकिडवे बसून दिवसाला साधारण पन्नास थाळ्या धुऊन होत. खर्च जवळपास शून्य आणि भागीदार कुणी नाही.

जॉर्जिया राज्यात सोने काढलेल्या आयझॅक हम्फ्रीने १८४८च्या वसंतात कोलोमाला ‘पाळणा’ आणला. वर भोकांचा पत्रा लावलेली चाळणी, खाली तिरके ताणलेले कापड, तळाशी आडपट्ट्या आणि सगळ्याला खालून झोके द्यायची सोय. एकाने खणायचे, एकाने माती आणायची, एकाने पाणी ओतायचे, एकाने झुलवायचे. एकटा माणूस पाळणा चालवू शकतो, पण सोबतीने तो फार बरा चालतो. भागीदारी इथे सुरू झाली.

१८४९-५०च्या सुमारास ‘लाँग टॉम’ आला. साधारण बारा फुटी पन्हळ, टोकाला भोकांचा पत्रा, त्याखाली पट्ट्यांची पेटी. त्यात बादलीने पाणी ओतून भागेना, सतत धार हवी. मग टॉमची टोकाची पेटी लांबवत लांबवत स्लूस झाला. बारा-बारा फुटांच्या पेट्या एका तोंडाला किंचित निमुळत्या केलेल्या, म्हणजे एक दुसरीत सरकून बसते. खिळा नको, डांबर नको. पॅटर्नच्या धंद्यातला माणूस या सांध्याला दाद दिल्याशिवाय राहणार नाही. अशा पेट्यांची रांग हवी तेवढी लांब करता येई. उतार मोजायची भाषाही पेटीचीच होती. एका पेटीला सहा इंच उतार, ही नेहमीची सांगण्याची पद्धत.

अंगणातली पेटी

मी केलेली पेटी चार फूट लांब आणि सहा इंच रुंद. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन, तळाशी बारदान आणि त्यावर दोन-दोन इंचांवर पाऊण इंच उंचीच्या आडपट्ट्या. पट्ट्या चौकटीत बसवलेल्या, म्हणजे धुताना सगळी चौकट उचलता येते. पाण्यासाठी दोन पिंपे आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. तेच पाणी फिरत राहील अशी सोय केली, कारण सोन्याऐवजी मी शिशाचे बारीक तुकडे वापरले आणि ते गटारात जायला नको होते. शिसे ११.३ पट जड, म्हणजे सोन्यापेक्षा पकडायला अवघड. मोजून शंभर तुकडे वाळूत मिसळले.

पहिल्यांदा उतार जास्त दिला. पाणी खळाळत गेले, पेटी लखलखीत झाली आणि निम्मेही तुकडे हाती लागले नाहीत. मग पुस्तकी मापाने, फुटाला अर्धा इंच उतार ठेवला. आता पट्ट्यांमागे वाळू सिमेंटसारखी घट्ट बसली आणि नंतर आलेले शिसे तिच्यावरून सरळ निघून गेले. पाणसळ लावून थोडे थोडे उचलत फुटाला सुमारे एक इंच उतारावर आलो, तेव्हा पट्टीमागे भोवरा दिसू लागला. वाळू जागच्या जागी उकळल्यासारखी हलत होती आणि जड कण तिच्यातून खाली झिरपत होते. त्या दिवशी बहुतेक तुकडे परत मिळाले, आणि तेही पहिल्या दोन पट्ट्यांमागे.

पट्टी सोने अडवते असे मी समजत होतो, ते चूक निघाले. अडवतो तो पट्टीमागचा भोवरा, आणि भोवरा जिवंत राहतो तो पाणी आणि उतार यांच्या मेळाने. जुने माप खोटे नव्हते. ते भरपूर पाण्याचे माप होते, आणि माझ्याकडे पाणी थोडे होते. थोड्या पाण्याला जास्त उतार लागतो, भरपूर पाण्याला कमी पुरतो. आधी खडे चाळून काढले तर पाणी कमी लागते. फावडेभर माल एकदम टाकला तर पट्ट्या बुजतात, म्हणून हात सारखा आणि सावकाश हवा. पेटी कुठली निवडायची याचे उत्तरही यातच आहे. ओंजळभर पाणी असेल तर थाळी, बादलीभर असेल तर पाळणा, धार असेल तर टॉम, आणि कालवाच हाताशी असेल तर स्लूस. पेटी माणूस निवडत नाही, पाणी निवडते.

पाणी कुणाचे?

इथून गोष्ट सुतारकामाच्या बाहेर जाते. सोन्याची माती नदीकाठी होती तशीच दूर कोरड्या टेकड्यांवरही होती, आणि तिथे पेटी नेण्याआधी पाणी न्यावे लागे. १८५०चे दशक संपेपर्यंत सिएरा नेवाडाच्या उतारांवर हजारो मैलांचे पाट आणि लाकडी पन्हळी झाल्या. त्या बांधणाऱ्या कंपन्या पाणी ‘खाणकऱ्याच्या इंचा’ने विकत. फळीला एक चौरस इंचाचे भोक, त्यावर ठरलेल्या उंचीचा पाण्याचा दाब, आणि त्यातून येईल ती धार म्हणजे एक इंच. दिवसाला इतक्या इंचांचे इतके पैसे. मातीत सोने निघो न निघो, पाण्याचे बिल ठरलेले.

पाण्याचा कायदाही पेटीने घडवला. इंग्लिश परंपरेत नदीच्या पाण्यावर हक्क काठच्या जमिनीचा. १८५५ साली आयर्विन विरुद्ध फिलिप्स या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनीवर वेगळे तत्त्व मान्य केले: ज्याने आधी पाणी वळवले त्याचा हक्क आधी. काठावर कोण उभा आहे, याला महत्त्व उरले नाही. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मला हे समजावून घ्यायला वेळ लागला नाही. पाण्याची पाळी ज्याच्या हातात, पीक त्याच्या हातात.

इतिहासकार रॉडमन पॉल यांच्या अंदाजाप्रमाणे खाणकऱ्याची दिवसाची कमाई १८४८ साली वीस डॉलर होती. १८५२ला ती सहावर आली आणि १८५६नंतर तीनवर. लक्षात घ्यायचे ते हे, की कॅलिफोर्नियाचे एकूण उत्पादन सर्वांत जास्त झाले ते १८५२ सालीच, सुमारे आठ कोटी दहा लाख डॉलरचे. सोने संपून गेले नव्हते. पेटी लांब झाली होती आणि तिच्या बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकाचा वाटा आखूड झाला होता.

पेटीने जे सोडले

प्रत्येक वेगवान अवजाराने काही सोडूनही दिले. स्लूसमधून बारीक सोने निसटे. ते धरण्यासाठी पट्ट्यांमागे पारा ओतत. सोने पाऱ्यात मुरते आणि तापवून पारा उडवला की सोने उरते. पारा सान होजेजवळच्या न्यू आल्मादेन खाणीतून येई आणि पुष्कळसा वाळूबरोबर नदीत जाई. दीडशे वर्षांनंतरही तो तिथल्या गाळात आणि माशांत सापडतो.

इतरांनी सोडलेली वाळू पुन्हा धुणाऱ्यांत चिनी खाणकरी मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासारख्या परक्यांवर १८५०पासून खास कर होता, आधी महिन्याला वीस डॉलर, पुढे रद्द होऊन १८५२ला पुन्हा तीन डॉलर. आणि ज्या निसेनान लोकांच्या वस्तीवरून कोलोमा हे नाव आले, त्यांच्यासह कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची संख्या १८४८ला सुमारे दीड लाख होती, ती १८७०पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरली. पेटीच्या हिशेबात ही माणसे कुठेच नव्हती.

१८५३मध्ये एडवर्ड मॅटेसनने नेवाडा सिटीजवळ दाबाच्या पाण्याचा फवारा थेट टेकडीवर सोडला. खणणारे हातही आता नको झाले. डोंगर ढासळायचा आणि रुंद स्लूसमधून वाहायचा. उरलेला राडा खालच्या नद्यांत भरला, पात्रे उंचावली, मेरिसव्हिलजवळची शेते गाळाखाली गेली. तिथल्या एडवर्ड्स वुडरफ या जमीनमालकाने दावा लावला आणि ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नदीत राडा सोडायला मनाई केली. मार्शलच्या चरापासून इथपर्यंत छत्तीस वर्षे.

आपल्याकडेही सोने धुणारे होते आणि आहेत. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात नदीची वाळू धुणाऱ्या सोनझरा जातीवर स्वतंत्र टिपण आहे. सोनाराच्या दुकानातली राख-केर धुऊन कण काढणाऱ्याला मराठीत झारेकरी असा जुना शब्द आहे. लहानपणी कोल्हापूरच्या गुजरीत पहाटे गटाराचा गाळ परातीत धुणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी लांब पेटी का केली नाही, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. आता उत्तर ठाऊक आहे. त्यांच्याजवळ पाणी होते बादलीभर, आणि माती होती दुसऱ्याच्या दारातली. तेवढ्याला परातच योग्य.

अमेरिकेत आज पाठीवर नेता येणारी तीन-चार फुटी ॲल्युमिनियमची पेटी दुकानात मिळते. खाली खाचांचे रबर, वर जाळी. हौशी लोक सुट्टीत ती ओढ्यात मांडतात. पन्हळ पुन्हा एका माणसाच्या मापाची झाली आहे, फक्त आता तिच्यावर कुणाचे पोट नाही. माझी पाइनची पेटी माळ्यावर आहे. शंभरातले चार शिशाचे तुकडे शेवटपर्यंत सापडले नाहीत. पिंपाच्या तळाचा गाळ मी दोनदा परातीत धुऊन पाहिला.