एकाच ठरावातील दोन दारे

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सुशिक्षित वाचकांस नव्याने सांगावयास हवा असे नाही. सावित्री नदीच्या काठच्या ह्या गावी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी प्राशन केले, आणि हिंदुस्थानच्या सामाजिक इतिहासात एका नव्या प्रकरणाचा आरंभ झाला. परंतु हा हक्क ज्या ठरावाच्या आधारे बजावण्यात आला, त्या ठरावाचे शब्द आपण क्वचितच पुरते वाचतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतलेल्या त्या ठरावात केवळ पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांचाच उल्लेख नव्हता. सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने हीही अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुली असावीत, असे त्यात म्हटले होते. म्हणजे पाणवठ्याचे आणि शाळेचे अशी दोन्ही दारे एकाच वाक्याने उघडली गेली. पहिल्या दाराचा इतिहास लोकांच्या जिव्हाग्री आहे. दुसऱ्या दाराचा, विशेषतः जेथे हातास विद्या शिकवितात त्या शाळेच्या दाराचा, इतिहास तितकासा सांगितला जात नाही. तोच येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

हे दुसरे दार महाडात सत्याग्रहाच्या कितीतरी आधीच ठोठावले गेले होते. महाडजवळच्या लाडवली गावी 1903 साली जन्मलेला रामचंद्र बाबाजी मोरे हा मुलगा प्राथमिक शिक्षण संपवून सरकारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेत यशस्वी झाला. आज असा मुलगा निघाला तर शाळेच्या फळ्यावर त्याचे नाव लागेल आणि वर्तमानपत्रात छबी येईल. त्या काळी महाडच्या इंग्रजी शाळेने त्यास प्रवेशच नाकारला. शिष्यवृत्ती आहे, बुद्धी आहे, वय आहे. पण बसावयास जागा नाही! मुलाने धीर सोडला नाही. त्याची तक्रार वर्तमानपत्रापर्यंत गेली, तेव्हा कोठे त्यास प्रवेश मिळाला. आणि तोही वर्गाच्या बाहेर बसून धडे ऐकण्यापुरता. पुढे डॉ. आंबेडकरांस महाडास आणण्यासाठी ज्यांनी अविश्रांत खटपट केली, त्यांत हेच मोरे अग्रभागी होते. तळ्याचा लढा असा शाळेच्या उंबरठ्यावरून निघाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्या मुलखात विद्येची ओढ आली कोठून? महाड-दापोलीच्या पट्ट्यात पलटणीतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची मोठी वस्ती होती. लष्करी शाळांमुळे ह्या कुटुंबांत अक्षरज्ञान शिरले, खुद्द डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच शाळेत शिक्षक होते. महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त लष्करी गृहस्थ. त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि 1895 साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद पडली, आणि ज्या एका मार्गाने शिस्त, साक्षरता व पगार ही तिन्ही घरात येत होती तो मार्ग खुंटला. मागे उरले ते गावकीचे काम, नाही तर मुंबईची वाट.

मुंबईच्या वाटेवर कापडगिरण्या होत्या. पण तेथेही चवदार तळे आडवे आलेच! विणकामाच्या खात्यात पगार अधिक. परंतु धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्यास महाराचे तोंड लागले त्यास आपले तोंड कसे लावावयाचे, ह्या विचाराने स्पृश्य कामगारांनी ते खातेच त्यांस बंद करून टाकले. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे मांडला. पाण्याचा विटाळ आणि कौशल्याचा विटाळ ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हेत, हे ह्या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. हातात कसब असूनही ते वापरण्यास मज्जाव. मग कसब शिकविणार तरी कोण?

ह्याच काळात महाराष्ट्रात व आसपास उद्योगशिक्षणाची मोठमोठी मंदिरे उभी राहत होती. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 सालची. व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्था 1887 सालची. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली प्रा. गज्जर यांनी कलाभवन स्थापिले आणि तेथे देशी भाषेतून रसायन, रंगकाम, यंत्रविद्या शिकविण्याचा उपक्रम केला. दादासाहेब फाळके हे त्या संस्थेचे एक विद्यार्थी. ह्या संस्थांचे कार्य थोर आहे, ह्याविषयी दुमत नाही. परंतु त्यांच्या दारापर्यंत पोहोचण्यास आधी साध्या शाळेची पायरी चढावी लागे, आणि ती पायरी कोणास चढू देत नव्हते हे वर सांगितलेच आहे. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना प्राथमिक शाळेतच मोडी-बाळबोध वाचन, हिशेब यांच्या जोडीस शेतीचे ज्ञान द्यावे, असा आग्रह धरला होता तो उगीच नव्हे. आपल्या समाजात ज्याच्या हाती लेखणी त्यास हत्याराची लाज, आणि ज्याच्या हाती हत्यार त्यास लेखणीची बंदी, अशी विचित्र वाटणी झालेली होती.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. दलितांस उद्योगशिक्षण द्या, असे म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे? अमेरिकेत नीग्रो समाजापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. बुकर वॉशिंग्टन यांनी 1881 पासून टस्कीगी येथे सुतारकी, वीटकाम, शेती शिकवून आपल्या बांधवांस पायावर उभे करण्याचा प्रयत्न केला. तर डू बॉइस यांनी 1903 साली त्यावर टीका करून, केवळ हातकामाच्या शिक्षणाने माणूस कायमचा खालच्या पायरीवरच राहील, असा इशारा दिला. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली. तिच्यात श्रमाचा गौरव आहे, हे खरे. पण ज्याच्या कपाळी जन्मतःच श्रम लिहिलेले आहेत, त्यास श्रमाच्या गौरवाने काय मिळणार, अशी शंका दुसऱ्या बाजूने येणे स्वाभाविक होते.

डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्या जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते, त्यांनीही 1916 च्या आपल्या ग्रंथात उद्योगशिक्षण हे वर्गभेद कायम करण्याचे साधन होऊ नये, असे प्रतिपादिले आहे. जातिभेद ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा 1936 सालचा आंबेडकरांचा सिद्धांत प्रसिद्धच आहे. म्हणूनच मजूरमंत्री झाल्यावर ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयांस जे निवेदन सादर केले, त्यातील मागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. केवळ कला व कायदा ह्या विषयांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे हित होणार नाही. त्यांस विज्ञान व तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी म्हटले. त्यासाठी देशातील विद्यापीठांत शिकणाऱ्यांकरिता वर्षाला 2 लाख व परदेशी जाणाऱ्यांकरिता 1 लाख रुपये मागितले. शिवाय सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. बापाचे हत्यार मुलाच्या हाती देणारी शाळा त्यांस नको होती. बापास जे यंत्र ठाऊकही नव्हते ते चालविण्याची, एवढेच नव्हे तर घडविण्याची विद्या हवी होती. 1944-45 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांची योजना सुरू झाली आणि ती आजतागायत चालू आहे.

ह्याच सुमारास, 1944 साली, सार्जंट योजनेने माध्यमिक शाळांचे शास्त्रीय व तांत्रिक असे दोन प्रकार सुचविले. दोन्ही शाळांची प्रतिष्ठा सारखी असावी, हा हेतू उत्तम होता. पण समाजाच्या मनातील प्रतिष्ठा सरकारी योजनेने बदलत नसते. आजही पुष्कळ घरांत तांत्रिक शाखा म्हणजे कमी गुण मिळविणाऱ्या मुलाची सोय, असेच समजले जाते.

तरीही काळाने एक सुंदर योग जुळवून आणला. महाडाहून मुंबईकडे जाताना माणगाव तालुक्यात लोणेरे लागते. तेथे 1989 साली स्थापन झालेले तंत्रशास्त्राचे विद्यापीठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करून उभे आहे. ज्या मुलखात शिष्यवृत्ती मिळविलेल्या मुलास वर्गाबाहेर बसावे लागले, त्याच मुलखात आता महाड-पोलादपूरच्या खेड्यांतील मुलामुलींस अभियांत्रिकीचे दार घराजवळ आहे.

पण दार असणे आणि आत जाता येणे ह्यांत अंतर असते, हे महाडइतके कोणत्या गावास ठाऊक असणार? नगरपालिकेने 1924 सालच्या जानेवारीत तळे खुले केले. तीन वर्षे कोणी तेथे जाऊ शकला नाही. मार्च 1927 च्या परिषदेच्या वेळी तळे गावात असूनही 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. पाणी प्याल्यावर तळ्याची शुद्धी करण्यात आली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि दिवाणी दाव्याचा शेवटचा निकाल उच्च न्यायालयातून लागावयास 17 मार्च 1937 उजाडले. कागदावरच्या एका वाक्यास पायरीपर्यंत पोहोचण्यास तेरा-चौदा वर्षे लागली.

म्हणून एखाद्या तांत्रिक शाळेचा वार्षिक अहवाल हाती येतो, किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांस कारखान्यात जागा मिळाल्या, कोणास पारितोषिक मिळाले ह्याच्या याद्या वाचावयास मिळतात, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. ह्या यादीतील किती मुले आपल्या घराण्यात ह्या विद्येची पहिली आहेत, आणि किती मुलींच्या हाती प्रथमच यंत्र आले आहे? लाडवलीच्या मुलाचे यश कोणत्याही अहवालात मानाने छापले गेले नसेल. पुढच्या याद्यांत तशा मुलांची नावे वर्गाच्या आतल्या बाकावरून यावीत, एवढीच त्या जुन्या ठरावाची अपेक्षा होती. आणि ती पुरी झाली की नाही हे पाहणे आपल्या पिढीचे काम आहे.