पाथरीच्या कुलकर्ण्यांचा सुलतान

परभणीत कुणी "चला, किनाऱ्याने गाडी हाणू" म्हटलं तर लोक हसतील. समुद्र इथून चारेकशे किलोमीटर. पण काठ आहे ना, गोदावरीचा! दिवाळीला घरी आलेले आम्ही चौघे, तिघे पुण्याचे आयटीवाले आणि एक बंगळूरचा. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा गाडी काढली: मानवत, पाथरी, मुदगल, सोनपेठ, गंगाखेड आणि संध्याकाळी परत.

मानवतपर्यंत रस्ताभर कापसाच्या गाड्या. हा रस्ता म्हणजे कल्याणहून नगर, गेवराई, माजलगाव करत निर्मलकडे जाणारा हायवे, तेव्हा खाडीशी त्याचं नातं आहे म्हणायला हरकत नाही :) पाथरी आली तसं कुणीतरी साईबाबांचं काढलं. २०२० च्या जानेवारीत पाथरीला जन्मस्थान म्हणून १०० कोटींची घोषणा झाली आणि शिर्डीने बंद पुकारला, ते सगळ्यांना आठवत होतं. पण पाथरीच्या मुळावरून भांडण होण्याची ही पहिली वेळ नव्हे. पहिल्या वेळी तोफा चालल्या होत्या.

गोष्ट अशी. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाच्या स्वारीत विजयनगरच्या मुलखातून एक ब्राह्मण मुलगा कैद होऊन आला. तिमाप्पा, बापाचं नाव भैरव. मुसलमान झाला, मलिक हसन झाला, शहजाद्याबरोबर वाढला. शहजाद्याला म्हणे 'भैरू' म्हणता येईना, तो 'बहरी' म्हणायचा, तेच आडनावासारखं चिकटलं. (फारसीत बहरी म्हणजे ससाणा. आपला 'बहिरी ससाणा' तोच.) हा मलिक हसन पुढे बहमनी राज्याचा सर्वेसर्वा झाला, १४८६ साली मारला गेला, आणि त्याचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये निजामशाही उभी केली. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, त्याच्याच नावाचं.

आता यात पाथरी कुठे आली? तर या घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी. तिथून विजयनगरला गेलेले. नातू बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला तेव्हा ते ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला येऊन राहिले होते. त्यांनी टुमणं लावलं, की आमचं वतन आम्हाला परत मिळवून द्या.

पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाणच्या दरबाराने अलाउद्दीन इमादशहाला प्रस्ताव पाठवला: हे आमच्या वाडवडिलांचं गाव आहे, ते द्या आणि बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. निव्वळ हिशेबाने पाहिलं तर इमादशहाचा फायदाच होता. पण त्याने नकार दिला आणि पाथरीचा किल्ला मजबूत करायला घेतला. सरहद्दीवरचं ठाणं कोण सोडतो? १५१८ साली निजामशाही फौज अचानक चालून गेली आणि पाथरी घेतली.

गंमत म्हणजे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरकडून कैद करून आणलेला हिंदूच. म्हणजे दोन्हीकडचे राजे तसल्याच एकेका मुलाचे वंशज, आणि भांडतायत एका कुलकर्णीपणाच्या गावावरून.

प्रकरण तिथे मिटलं नाही. १५२७ साली इमादशहाने गोवळकोंड्याच्या मदतीने पाथरी परत घेतली. बुऱ्हाणने पुन्हा वेढा घातला, दोन महिने तोफा डागल्या, आणि किल्ला हाती आल्यावर तो जमीनदोस्त केला. चिडलेल्या इमादशहाने मग खानदेशच्या फारुकींना आणि गुजरातच्या बहादूरशहाला गाठलं. बहादूरशहा खरोखरच दख्खनमध्ये उतरला आणि अहमदनगरात त्याच्या नावाने खुतबा वाचला गेला. एवढी नामुष्की पदरात पडली, पण पाथरी सोडली नाही. ती बुऱ्हाणने आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिली, आणि अकबराच्या काळापर्यंत ती त्यांच्याकडे राहिली.

हे सगळं सांगतो फेरिश्ता. तो स्वतः निजामशाही चाकरीत होता, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तिथे त्याने इतिहास लिहिला. पाथरीच्या लढाईनंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी लिहिणारा दरबारी माणूस, तेव्हा वंशावळीत तिखटमीठ असू शकतं. पण मला त्याहून मजेची वाटते ती दुसरी गोष्ट. ही वंशावळ लपवावी असं त्यांना वाटलं नाही. बुऱ्हाण पुढे कट्टर शिया झाला, १५३७ मध्ये राज्याचा पंथ बदलला, तरी पाथरीच्या भाऊबंदांचं इनाम चालूच राहिलं. आज हे एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बघा, दोन्ही बाजूंचे लोक तुम्हाला ग्रुपमधून काढतील.

मुदगलला मुद्गलेश्वराचं देऊळ थेट गोदावरीच्या पात्रात आहे, पुरात बुडतं. आता जवळच बंधारा झालाय, त्यामुळे पाणी तुडुंब. तिथे पायऱ्यांवर बसून मी हे सगळं मित्रांना ऐकवलं. बंगळूरवाल्याचं गाव याच जिल्ह्यात, नदीकाठीच. वाडा पडलाय, सातबाऱ्यावर अकरा नावं, आणि चुलतभाऊ म्हणतोय तुझा हिस्सा मला दे, पुण्यात फ्लॅटला पैसे लावतो. भाव बरा देतोय. याने वर्षभर उत्तर दिलेलं नाही.

"व्यवहार म्हणून बरोबर आहे रे," तो म्हणाला. "पण फोन आला की उचलत नाही."

"इमादशहाच आहेस," दुसरा म्हणाला.

"इमादशहा कशाला? माझे वाडवडील आहेत तिथले. मी बुऱ्हाण."

यावर सोनपेठपर्यंत वाद चालला. गंगाखेडला पोचलो तेव्हा जनाबाईच्या देवळात आरती सुरू झाली होती.